मीटरचे पैसे: १९१०च्या कायद्यापासून नाशिकच्या स्मार्ट मीटरपर्यंत

इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही जा. दुपारी बेल वाजते आणि दारात नवा मीटर घेऊन दोन मुलं उभी असतात. घरातल्या काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, याचे पैसे किती?" उत्तरही ठरलेलं, "काही नाही काकू, फुकट आहे." जुना मीटर उतरतो, नवा चढतो, आणि मुलं जिना उतरून गेली की सोसायटीच्या गच्चीवर चर्चा सुरू होते. फुकट कसा असेल? आता वीज खासगी होणार का? सरकारी मंडळ होतं तेव्हा असं नव्हतं, असंही कुणीतरी म्हणतंच.

काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो या देशात वीज आली तेव्हापासून विचारला जातोय.

१९१०च्या भारतीय वीज कायद्यात कलम २६ होतं. वीज मोजायची ती अचूक मीटरनेच, आणि मीटर पुरवायचा तो वीज देणाऱ्या परवानाधारकाने. पण ग्राहकाने स्वतःचा मीटर विकत घेतला नसेल, तर मीटरच्या किमतीपोटी तारण घ्यायची आणि भाड्याचा करार करायची मुभा कंपनीला होती. मीटरवर वाद झाला तर विद्युत निरीक्षकाकडे जायची तरतूदही त्याच कलमात होती. सगळा साचा इंग्लंडच्या कायद्यावरून घेतलेला. या कलमाची नोंद घ्यायची कारण पुढे कायदा बदलला, मालक बदलले, तरी ही अट जवळपास जशीच्या तशी टिकून राहिली.

तेव्हा वीज म्हणजे खासगी धंदाच होता. मुंबईत ट्राम आणि वीज पुरवणारी कंपनी १९०५ साली आली, खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. शहरागणिक वेगळी कंपनी, वेगळा परवाना, वेगळा दर. आपल्या शेजारच्या जळगावात अ‍ॅमॅलगमेटेड इलेक्ट्रिसिटी कंपनी होती. तिचा आणि तिथल्या नगरपालिकेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १९७५ साली. खासगी कंपनीच्या काळात सगळं सुरळीत होतं, अशी आठवण सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. शिवाय या कंपन्या शहराची वेस ओलांडत नसत. खेड्यात तार ओढून फायदा कुणाला होणार होता?

७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईची 'बेस्ट', म्हणजे तीच ट्राम-वीज कंपनी, महापालिकेच्या ताब्यात आली. १ एप्रिल १९४८ला ब्रिटनने आपला सगळा वीजधंदा राष्ट्रीय केला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे राज्यांना वीज मंडळं काढायला सांगणारा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दीड महिन्यात, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ उभं राहिलं. नाशिककरांसाठी त्या काळाची खूण म्हणजे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. १९७०-७१च्या सुमारास १४० मेगावॉटचे दोन संच आले, मग १९८०च्या आसपास २१० मेगावॉटचे तीन. पहिले दोन आता बंद आहेत, पण सातपूर-अंबडचे कारखाने आणि निफाड-दिंडोरीच्या विहिरींवरचे पंप वाढले ते याच काळात. मंडळाने ते केलं, आणि त्याचं श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवं. गळती, चोरी, थकबाकी आणि तोटा हेही त्याच मंडळाच्या काळात वाढत गेलं.

तोट्याच्या त्या ओझ्यातून नव्वदीत पुन्हा खासगीकडे वळायचा विचार आला. दाभोळला एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीज प्रकल्पाचं काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही: १९९२ साली सामंजस्य करार, १९९९ साली वीज सुरू, २००१ साली प्रकल्प बंद. त्या महागड्या विजेचा भार मंडळाला पेलवला नाही. पण याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९९८च्या केंद्रीय कायद्यानुसार १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवायचा अधिकार मंत्रालयातून उठून सुनावणीच्या टेबलावर आला. माझ्या मते ग्राहकाच्या बाजूने घडलेला सगळ्यात मोठा बदल हाच.

२००३चा वीज कायदा आला. त्याच्या कलम ५५ने अचूक मीटरशिवाय वीज द्यायला बंदी केली, आणि तारण-भाड्याची १९१०ची मुभाही तशीच ठेवली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. सगळ्या सरकारी मालकीच्याच.

मीटरच्या पैशाची खरी लढाई याच सुमारास सुरू झाली. २० जानेवारी २००५च्या आयोगाच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांत, स्पष्ट लिहिलं होतं की जळालेला किंवा हरवलेला मीटर सोडला, तर जोडणी चालू असेपर्यंत मीटरची किंमत एकदाच घेता येईल, दुसऱ्यांदा नाही. ८ सप्टेंबर २००६च्या आदेशाने आयोग आणखी पुढे गेला: ग्राहकाने स्वतःहून कंपनीकडून मीटर विकत घ्यायचं ठरवलं नसेल, तर नव्या जोडणीला मीटरची किंमत लावायचीच नाही. तरीही वसुली झाली. तक्रारी आयोगापुढे गेल्या आणि १७ मे २००७ रोजी पैसे परत करण्याचा आदेश निघाला. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेली, परतावा थांबला. ते अपील १० नोव्हेंबर २०१६ रोजी फेटाळलं गेलं, आणि मीटरची किंमत, सर्व्हिस लाइनचे पैसे वगैरे परत करण्याचं परिपत्रक डिसेंबर २०१७मध्ये निघालं. दहा वर्षं लागली. पण मीटरची रक्कम पावतीवर वेगळ्या ओळीत छापलेली होती, म्हणूनच तिच्यावर बोट ठेवता आलं.

दरम्यान भिंतीवरचा मीटरही बदलला. चकती फिरणारे जुने मीटर २००६च्या केंद्रीय नियमांनंतर मागे पडले आणि इलेक्ट्रॉनिक मीटर आले. चकतीला घर्षण असतं, त्यामुळे झिरोचा दिवा किंवा नुसता लावून ठेवलेला चार्जर यांचा बारीक भार ती पुष्कळदा मोजतच नसे. नवा मीटर तोही मोजतो. "मीटर बदलला आणि बिल वाढलं" या तक्रारीतला एक भाग यातून येतो. सगळा नाही, सदोष मीटर असतात, आणि तपासणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

मालकीचा प्रश्न या राज्याने फ्रँचायझी देऊनही, म्हणजे एखाद्या भागातलं वितरण आणि वसुली खासगी कंपनीकडे सोपवूनही, आजमावून पाहिला. भिवंडी २००७ साली टोरंट या खासगी कंपनीकडे गेली आणि तिथे व्यवस्था टिकली. २०११ साली औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे भाग खासगी कंपन्यांकडे दिले. औरंगाबाद २०१४ साली, जळगाव २०१५ साली आणि नागपूर २०१९ साली परत महावितरणकडे आलं. १ मार्च २०२०पासून आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव फ्रँचायझीकडे आहे. म्हणजे नाशिकमध्ये वायरमन महावितरणचा, मालेगावात खासगी कंपनीचा, आणि दर मात्र दोन्हीकडे आयोगाने मंजूर केलेला एकच. मालक बदलला की दर आपोआप पडतो किंवा चढतो असं मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी मालेगावचं बिल एकदा हातात घेऊन पाहावं. कामगारांची भीती मात्र वेगळी आणि खरी आहे. जानेवारी २०२३मध्ये भांडुप-नवी मुंबईच्या भागात समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायचा खासगी कंपनीचा परवाना, मागितला गेल्यावरून महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषणचे कर्मचारी संपावर गेले होते.

२०२१ साली केंद्राने वितरण सुधारणेची योजना आणली. देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर, आणि आपल्यासारख्या राज्यांना मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान. महावितरणने २०२३ साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामं खासगी कंपन्यांना दिली. एका मीटरचा खर्च, बसवणं आणि पुढची वर्षं सांभाळणं धरून, १२ हजारांच्या घरात. ९०० वजा करा. उरलेले पैसे कंत्राटदार आधी घालतो आणि महावितरण त्याला महिन्याकाठी देत राहते. वीजचोरी आणि गळती कमी होऊन त्यातून हे पैसे निघतील, असं कंपनीचं म्हणणं. ते निघाले नाहीत तर भार दरातच येणार, हे वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे पहिल्यापासून सांगत आले.

विरोध वाढला आणि जून २०२४मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा सरकारने केली. नंतर तेच मीटर पोस्टपेड म्हणून, 'टीओडी' (टाइम ऑफ डे, म्हणजे वीज कोणत्या वेळी वापरली हेही नोंदवणारा) या नावाने, घरोघरी येऊ लागले. १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दुपारी गिरणी किंवा वॉशिंग मशीन चालवणाऱ्याला तिचा लाभ मिळेल. दिवसभर कंपनीत राबून रात्री घरी येणाऱ्या अंबडच्या कामगाराला फार थोडा.

तेव्हा दारातल्या मुलाचं उत्तर खोटं नाही. तो काकूंकडून एक रुपयाही घेत नाही, आणि पावतीवर मीटरची ओळही नाही. २००७ साली ती ओळ होती, म्हणून परताव्याचा दावा उभा राहिला. आता तो खर्च महावितरणच्या बहुवर्षीय दरयाचिकेत, म्हणजे दर मंजूर करून घ्यायला आयोगाकडे केलेल्या अर्जात, २०२५-२६ ते २०२९-३०च्या हिशेबात, शेकडो पानांच्या तक्त्यांमध्ये शोधावा लागतो. अशा याचिकेवर हरकती घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि आयोगाची जनसुनावणी नाशिकलाही होते.