प्राणीप्रयोगांवरील नैतिक देखरेख : ग्रामीण विदर्भ

औषध, लस, कीटकनाशक, पशुखाद्य यांच्या संशोधनासाठी जिवंत प्राणी वापरताना त्यांना विनाकारण वेदना होऊ नयेत, गरजेपेक्षा एकही प्राणी जास्त लागू नये आणि ज्या प्रयोगाची गरजच नाही तो होऊच नये, यासाठी कायद्याने घालून दिलेली तपासणीची व्यवस्था. विदर्भात प्राण्यांवर प्रयोग करणारी वैद्यकीय, पशुवैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये तिच्या कक्षेत येतात. यातली कितीतरी गावाला लागून, कापूस-सोयाबीनच्या शेतांच्या कडेला उभी आहेत.

हा विषय शेतकऱ्याला परका वाटतो, पण तसा तो नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. औषध तोंडावाटे देऊन निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शरीराच्या एक किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा. म्हणजे तो रंग पांढऱ्या उंदरांच्या जिवावर ठरलेला असतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा त्या त्रिकोणाचा अर्थ किती जणांपर्यंत पोचलाच नव्हता हे दिसले. साप चावल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जी लस टोचतात तीही घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे टोचून ती तयार होते. वापरलेल्या जनावराचे ऋण असे थेट बांधावर येऊन पोचते.

देखरेखीचा पाया १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियम हा आहे. त्याचे कलम १४ नवे ज्ञान मिळवण्यासाठी किंवा माणसांचे, जनावरांचे, वनस्पतींचे रोग हटवण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा ठरवत नाही. त्याबरोबर कलम १७ अटी घालते. शक्यतो शस्त्रक्रिया भूल देऊनच व्हावी, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नये. प्रयोगानंतर प्राण्याला असह्य यातना भोगाव्या लागणार असतील, तर तो भुलीत असतानाच त्याला मरण द्यावे, असेही त्यात आहे. शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातले खच्चीकरण, शिंगे काढणे, वेसण घालणे यांना याच कायद्याच्या कलम ११ मध्ये, ठरवून दिलेल्या रीतीने केल्यास, सूट आहे. केंद्राची समिती १९६४ मध्ये स्थापन झाली, पण कामाला खरा जोर आला तो १९९८ च्या नियमांनंतर. पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जाणारी ही समिती आता सीसीएसईए (प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण आणि देखरेख करणारी समिती) या नावाने केंद्रीय पशुसंवर्धन खात्याच्या अखत्यारीत आहे. तिच्या विचाराचा गाभा रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडला होता: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. भारताने त्यात चौथी गोष्ट जोडली, प्रयोगानंतरचे पुनर्वसन.

प्रत्यक्ष काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत चालते. तिथे त्या संस्थेचे शास्त्रज्ञ, प्राणीगृहाचे प्रमुख आणि पशुवैद्यक तर असतातच, शिवाय बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, विज्ञानाशी संबंध नसलेला एक समाजाभिमुख सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. लहान प्राण्यांचे प्रस्ताव इथेच निकाली निघतात, मोठ्या प्राण्यांचे केंद्राकडे जातात. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून येणारे बरेच प्रस्ताव एका साच्याचे असतात. एखाद्या वनस्पतीचा अर्क, कृत्रिमरीत्या मधुमेह केलेले उंदीर, पाच गट, प्रत्येकी सहा, एकूण तीस. पिंजऱ्यावर जात, लिंग, तारीख आणि मंजुरीचा क्रमांक लिहिलेले कार्ड. पांढऱ्या अंगावर ओळखीसाठी पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका, एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. उंदराला नाव नसते, ठिपका असतो. समितीने अडून विचारायचा प्रश्न हा, की याच पानाच्या अर्कावर हेच काम आधी झालेले असताना आणखी तीस जीव कशासाठी? विषारीपणा मोजण्याची, निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवत नेणारी जुनी पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून २००२ मध्ये वगळली गेली. आता एका टप्प्याला तीन प्राणी पुरतात. संख्या घटवणे म्हणजे काय ते यातून कळते.

विदर्भातली स्वतःची अशी अडचण म्हणजे ऊन. प्राणीगृहाचे तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. घरोघरी चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे धड उपयोगी नाही, कारण तो गारवा देतो तसा दमटपणाही वाढवतो. दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला, तर बंद खोलीतले उंदीर धापा टाकू लागतात. भूल, सुई, शस्त्रक्रिया यांवर कागद रंगतात, पण बिनबोभाट होणारा हा छळ कोणत्याच अर्जात येत नाही. म्हणून समितीने प्राणीगृहाची पाहणी हिवाळ्यात उरकून चालणार नाही, ती भर उन्हाळ्यात, दुपारीच व्हायला हवी.

मोठ्या जनावरांचे प्रयोग पुष्कळदा गोठ्यातच होतात. बेरारी शेळी, वर्ध्याकडची गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस यांच्यावर खाद्य, जंतनाशक किंवा लस अजमावली जाते. तुलनेसाठी एका गटाला औषध देत नाहीत. त्या गटातली शेळी आजारी पडली तर नुकसान कोणाचे, हे मालकाची सही घेण्याआधी, त्याला कळेल अशा वऱ्हाडी-मराठीत सांगितले पाहिजे. ज्या बाईचे घर चार शेळ्यांवर चालते तिच्यासाठी शेळी ही नमुन्यातली एक संख्या नसते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचा खांदा हळद-लोण्याने चोळून त्याला निमंत्रण देतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ राबवून घेतलेल्या जनावरापुढे वाकण्याची ही रीत आहे. जिवंत प्राण्यांची चिरफाड करणाऱ्या प्रयोगांना महात्मा गांधींचा उघड विरोध होता. याच गांधींनी १९२८ मध्ये साबरमतीला असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला डॉक्टरकडून सुई देऊन मरण दिले आणि देशभरातून टीका सोसली. कलम १७ मधली भुलीतच मरण देण्याची अट, यातनेतल्या जिवाला मरण द्यावे का, या त्याच प्रश्नाशी येऊन थांबते.

शिक्षणातले विच्छेदन बरेचसे संपले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ मध्ये तशा सूचना दिल्या. पावसाळ्यात शेतातून पकडून आणलेले बेडूक आता बी. एस्सी.च्या टेबलावर येत नाहीत. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी आली. नव्या औषधांसाठी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांना २०२३ च्या नियमदुरुस्तीने मान्यता मिळाली, पण तालुक्याच्या महाविद्यालयात पेशीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, खोली उभारणे खर्चाचे आहे. उंदराला पिंजरा, भुसा आणि दाण्याच्या गोळ्या पुरतात. स्वस्त आहे म्हणून उंदीर, असा प्रस्ताव आला तर तो परत पाठवण्याचा अधिकार समितीला आहे, आणि त्या विज्ञानाबाहेरच्या खुर्चीवर गोठ्यात उभे आयुष्य काढलेला माणूस असेल, तर तो अधिकार वापरला जाण्याची शक्यता जास्त.