बंद खिडकी, बँकेचं व्याज आणि गोठ्यातली गाय

हवामान बदलाची झळ कुणाला बसते आणि त्यावरचे उपाय कुणाला जमतात, हे नुसत्या हवामानावर नाही तर माणसांच्या परिस्थितीवर ठरतं. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली होती. पारा ४१ डिग्रीपर्यंत गेला आणि त्या काही दिवसांत एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त गेली. लाट अख्ख्या शहरावर होती, पण मृतांचे पत्ते बघितले तर गणित भलतंच निघालं. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून, गरिबी दोन्हीकडे, एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे साधारण तेवढेच, तरी पहिलीत लाखामागे ४० मृत्यू आणि दुसरीत ४.

एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने याचा पिच्छा पुरवला. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने कधीच बंद पडले होते, लोक वस्ती सोडून गेलेले, मोकळे ओसाड प्लॉट, गुन्हेगारी, त्यामुळे म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या घट्ट लावून आत बसली आणि उकाड्याने तिथेच गेली. शेजारच्या वस्तीत मात्र दुकानं चालू, रस्त्यावर माणसांची वर्दळ, म्हणजे आजोबा बिनधास्त खाली उतरायचे, एखाद्या गार दुकानात जरा टेकायचे, आणि दोन दिवस दिसले नाहीत तर कोणीतरी येऊन दार वाजवायचं. आता सांगा, हे मृत्यू हवामान खात्याच्या खात्यावर मांडायचे की बंद पडलेल्या कारखान्यांच्या?

हे झालं झळ सोसण्याबद्दल. पण कार्बन, म्हणजे हवा तापवणारा धूर, कमी करायच्या बाबतीतही सेम तेच आहे, फक्त तिथे खिडकीच्या जागी व्याजदर येतो. सोलर स्वस्त झालंय हे आपण सगळीकडे वाचतो आणि ते खरंही आहे, मग गरीब देश पटापट का लावत नाहीत असा प्रश्न पडतोच. तर होतं असं की सोलरला इंधनाचा खर्च शून्य, पण जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतावा लागतो, म्हणजे कर्ज आलं. समजा १ लाखाचा प्लांट २० वर्षांच्या कर्जावर घेतला. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता साधारण ७,३५८ बसतो, आणि १२ टक्के असेल तर १३,३८८. पॅनल तेच, ऊनही तेवढंच, वीज मात्र जवळपास १.८ पट महाग! गॅसच्या प्लांटला सुरुवातीला त्यामानाने कमी पैसे लागतात आणि इंधनाचं बिल नंतर हळूहळू येत राहतं, त्यामुळे व्याज जितकं चढं तितका धूर सोडणारा पर्याय कागदावर आकर्षक दिसतो. आणि महाग कर्ज कुणाला मिळतं? ज्यांना बँका ‘रिस्की’ म्हणतात त्यांनाच, म्हणजे बहुतेक गरीब देशांना. माझ्या मते हवामानाच्या चर्चेत ग्लेशियरइतकंच व्याजदरावरही बोलायला हवं, पण व्याजदराचा फोटो काढता येत नाही ना.

भाड्याच्या घराचंही तसंच. भिंती-छताला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालायचा खर्च मालकाचा आणि वाचलेलं वीजबिल भाडेकरूचं, मग कोण कशाला हात घालेल?

कार्बन टॅक्सवर, म्हणजे धूर सोडणाऱ्या इंधनावरच्या करावर, तर अर्थतज्ज्ञांचा फार जीव. पण फ्रान्समध्ये २०१८ साली काय झालं बघा. इंधनावरचा कर वाढत होता, आणि त्याच वर्षी सरकारने श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला. लहान गावात राहणारा, गाडीशिवाय कामावर पोचूच न शकणारा माणूस भडकला, नोव्हेंबरमध्ये पिवळी जॅकेटं घालून आंदोलक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये सरकारला पुढची करवाढ मागे घ्यावी लागली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००८ मध्ये असाच कर आणला होता पण जमा होणारा पैसा इतर करांत सूट आणि गरिबांना थेट पैसे अशा रूपात परत दिला, तर तो कर बरीच वर्षं टिकला. कायमचा नाही हं, २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांवरचा तो कर तिथेही गेला.

बांगलादेशची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात निदान ३ लाख माणसं गेली. १९९१ मध्ये पुन्हा तसंच वादळ, सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. वादळाची सूचना मिळालेली होती. पण घरातला पुरुष बाहेर असेल तर बाईने एकटीने निघायचं कसं, वादळापासून आसरा देणाऱ्या शेल्टरच्या, परक्या पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये रात्र काढायची कशी, आणि मागे गोठ्यातली गाय सोडायची कुणाच्या भरवशावर? गाय म्हणजे त्या घराची सगळी बचत, ती बुडाली तर वादळातून वाचून तरी करायचं काय. पुढे शेल्टर वाढले, बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, दारोदार सांगत फिरणाऱ्या स्वयंसेवकांत बायकाही आल्या. २००७ च्या सिद्र वादळात साधारण ३,४०० मृत्यू झाले, तेही कमी नाहीतच, पण १९९१ च्या आकड्याशेजारी ठेवून बघा. आणि गुरांसाठी मातीचे उंच ओटे आहेत, पुराच्या पाण्याच्या वर राहतील असे. त्यातल्या जुन्या ओट्यांना तिथे चक्क ‘किल्ला’च म्हणतात.