पाठीतल्या सुईचं भय आणि खरी काळजी

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठंही सिझेरियनचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं असतं : "पाठीत इंजेक्शन दिलं आणि माझी कंबर गेली ती गेलीच." सांगणारी सासू असते, मावशी असते, कधी शेजारीण. त्यांची कंबर दुखते यात शंका नाही. पण सगळा दोष पाठीतून भूल (स्पायनल) देणाऱ्या सुईच्या माथी जातो आणि ज्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवं, त्याबद्दल कुणी बोलतच नाही. भूलतज्ज्ञ म्हणून मला याचं वाईट वाटतं.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. आमची सुई त्याच्याही खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या फटीतून आत जाते. तिथं पाण्यासारख्या द्रवात नुसत्या नसा असतात. सुईची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. औषध ब्युपिव्हाकेन, सिझेरियनला साधारण 2 मिलिलिटर. त्यात ग्लुकोज मिसळलेलं असल्यामुळे पाण्याच्या तळाशी पाक बसावा तसं ते उताराकडे सरकतं. म्हणून इंजेक्शननंतर आम्ही टेबलाचा कल सांभाळतो आणि स्पिरिटचा गार बोळा पोटावरून छातीपर्यंत टेकवत "गार लागतंय का?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. भूल छातीपर्यंत चढायला हवी, त्याच्या फार वर नको.

पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची. दुखणं बंद करणारं हेच औषध रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपवतं. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं आणि बीपी झपाट्यानं उतरतं. मॉनिटरवर आकडा यायच्या आधी कित्येकदा बाईच सांगते, "डॉक्टर, कसंतरीच होतंय." ही मळमळ घाबरल्यामुळे आहे असं समजून गप्प बसू नका, लगेच सांगा. बाळाला मिळणारं रक्त आईच्या बीपीवर अवलंबून असतं. त्यात पोटातल्या बाळाचं ओझं पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडतं, म्हणून उजव्या कुशीखाली उशी सारून बाईला थोडं डावीकडे कलवतात. सोबत सलाईन आणि बीपी वर आणणारं फेनिलेफ्रिन हे औषध. बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग परततो.

पोटात ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटणं मात्र अपेक्षितच आहे. दुखणं थांबतं, स्पर्श पूर्ण जात नाही. हे आधी सांगितलं नसेल तर बाईचा जीव उगाच टांगणीला लागतो. खरोखर दुखत असेल तर तसं म्हणायचं, सोसायचं नाही.

आता या सुईनंतर होणारी डोकेदुखी. 1898 साली जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बियर या शल्यविशारदानं कोकेन वापरून ही भूल पहिल्यांदा शस्त्रक्रियेसाठी दिली. मग स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. सिरिंज सुईला नीट बसेना आणि पाठीतलं पाणी बरंच वाहून गेलं. त्यानंतर नऊ दिवस त्याची तऱ्हा अशी, की आडवं पडलं की बरं आणि उठलं की डोकं फुटायची वेळ. पाणी गळाल्यामुळे हे होतं, हा त्याचा अंदाज बरोबर होता. आज बारीक, पेन्सिलीच्या टोकाच्या सुया आल्यामुळे ही डोकेदुखी बरीच कमी झाली आहे. चोवीस तास उशीशिवाय सपाट पडून राहिल्यानं ती टळते, हा समज मात्र टिकून आहे. टळत नाही. पाणी, वेदनाशामक गोळ्या आणि थोडे दिवस यांनी बहुतेकांना आराम पडतो. नाहीच पडला, तर रुग्णाच्या हातातलंच साधारण 20 मिलिलिटर रक्त काढून कमरेत, सुईनं पडलेल्या छिद्राच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. अनेकींना तासाभरात उठून बसता येतं. पण बाळंतपणानंतर डोकेदुखीसोबत बीपी वाढलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप किंवा झटके आले, तर ते सुईचं मानून घरी थांबू नका.

आणि कंबर? टोचल्याची जागा चार-आठ दिवस दुखते. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा सुईशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणात सांधे सैलावतात, पोटाचे स्नायू ढिले पडतात, मग वाकून पाजणं, कळशा उचलणं. नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांचीही कंबर दुखतेच की!

ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी उपाशी राहण्याचा नियम पाठीतल्या भुलेलाही लागू आहे, कारण गरज पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. "फक्त पेज घेतली" हे आमच्याकडे नेहमीचं, पण पेजेत शितं असतात, ते जेवणच. त्याला किमान 6 तास हवेत. दुधाचा चहाही त्यातलाच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका आणि मनानं बंदही करू नका. त्यांच्यामुळे क्वचित मणक्याच्या पोकळीत रक्त साचून नसा दाबल्या जातात. भूल उतरायला काही तास लागतात. ठरल्या वेळात पाय हलेनासे राहिले, किंवा हललेले पाय पुन्हा जड झाले, पाठीत जोराची कळ आली, तर तेव्हाच्या तेव्हा नर्सला उठवा. घरी आला असाल तर गाडी काढून थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा, सकाळची वाट बघू नका. साचलेलं रक्त पहिल्या काही तासांत काढलं, तरच पाय वाचण्याची आशा जास्त असते.