खासगी माहितीवर सरकारची नजर आणि विधिमंडळाची देखरेख

सरकारी यंत्रणेने नागरिकाचे फोन, संदेश किंवा ठावठिकाणा तपासला, तर तो कशासाठी, कोणाच्या परवानगीने आणि किती वेळा, याचा जाब लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारण्याची व्यवस्था. भारतात ती फार तोकडी आहे.

पुण्यातल्या एखाद्याचा फोन ऐकायचा असेल तर पोलिसांचा प्रस्ताव मंत्रालयात गृह विभागाकडे जातो आणि आदेशावर गृह सचिवांची सही होते. 1885 च्या तार अधिनियमातल्या या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात, मर्यादा घातल्या. आदेश दोन महिन्यांचा, मुदतवाढ धरून जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, आणि त्यावर पुनर्विलोकन समिती. आता 2023 चा दूरसंचार कायदा व डिसेंबर 2024 चे नियम लागू आहेत, पण चौकट तीच. राज्याच्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव असतात. परवानगी सचिवांची, तपासणीही सचिवांचीच. त्यात ना आमदार, ना न्यायाधीश.

'सीडीआर काढणे', म्हणजे कॉलच्या नोंदींचा तपशील मागवणे, याहून सोपे. त्यात बोलणे ऐकले जात नाही. कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला ते कळते. त्याला गृह सचिवांची सही लागत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीसच कंपनीकडून तपशील मागवतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका टॉवरचा 'डम्प', म्हणजे त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनची यादी, घेतला, तर त्या तासाभरात साडी घ्यायला आलेल्या बाईचा क्रमांकही त्या यादीत जातो. तिला ते कधीच कळत नाही.

महाराष्ट्रापुरती एक तरतूद मात्र मोलाची आहे. 1999 च्या मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या कलम 27 प्रमाणे फोन ऐकण्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर वा नामंजूर झाले, तातडीच्या नावाखाली किती फोन ऐकले गेले आणि त्यातून किती खटले व शिक्षा झाल्या, याचा वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो. राज्याच्या सुरक्षेला बाधक वाटेल तो भाग सरकार वगळू शकते. तरीही आकडे सभागृहापुढे आणणे कायद्यानेच बंधनकारक केले, ही मोठी गोष्ट आहे. या कायद्यातली फोन ऐकण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती वैध ठरवली. मोक्काबाहेरच्या साध्या प्रकरणांना मात्र असा अहवालच नाही.

सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचे वजन पुण्याच्या एका प्रकरणात दिसले. 2016-17 मध्ये, आपण खासदार असताना, 'अमजद खान' असे नाव लावून आणि अमली पदार्थांचे कारण दाखवून आपला फोन ऐकला गेला, असा आरोप काँग्रेसचे नेते नाना पटोले यांनी जुलै 2021 मध्ये विधानसभेत केला. तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी चौकशी जाहीर केली. फेब्रुवारी 2022 मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये रद्द केला. आरोप सिद्ध झाला नाही. पण फोन ऐकण्याच्या आदेशावरचे नाव व क्रमांक यांचा मेळ कोण घालतो, हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच इतक्या उघडपणे चर्चेला आला.

संसदेतही स्थिती बरी नाही. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस या प्रणालीचा विषय तापलेला असताना 28 जुलै 2021 रोजी माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीची नागरिकांच्या माहितीच्या सुरक्षेवरची बैठक गणपूर्तीअभावी होऊ शकली नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 17 ने केंद्राला आपल्या यंत्रणा अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये गुप्तचर संस्थांवर संसद सदस्यांची समिती 1994 पासून कायद्याने आहे. आपल्याकडे तशी एकही नाही.

आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना उरतात. त्यांनाही वेळेची अडचण आहे: फोन ऐकण्याचे आदेश आणि नोंदी, पुढे गरज नसल्यास, दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, असे नियमच सांगतो. पावसाळ्यातल्या फोनबद्दल पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात विचारले, तर दाखवायला कागद उरलेला नसू शकतो.