साक्याच्या वजनावरून धातू

नाशिकजवळच्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत निकेलचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांपुढे एक प्रश्न कायम असतो: टाकीतल्या हिरव्या द्रावणात दर लिटरमागे किती ग्रॅम निकेल उरले आहे? ते फार कमी झाले की जिथे विद्युत्प्रवाह जास्त पोचतो त्या कडांवर थर करपतो आणि माल परत येतो. रोजच्या कामाला ईडीटीएचे अनुमापन पुरते, म्हणजे धातूशी जोडले जाणारे ईडीटीए हे रसायन किती खर्च झाले यावरून धातू मोजणे. त्याचे उत्तर काही मिनिटांत मिळते. पण त्या उत्तराचीच पडताळणी करायची झाली, तर द्रावणातले निकेल लाल साक्याच्या, म्हणजे न विरघळता खाली बसणाऱ्या घन पदार्थाच्या, रूपाने बाहेर काढून तोलण्याचा जुना मार्ग आजही विश्वासाचा आहे. त्यालाच भारात्मक विश्लेषण म्हणतात.

धातूचा कस वजनावरून ठरवणे ही कल्पना स्वतंत्रपणे पाहिली तर फार प्राचीन आहे. चांदी-सोन्याचा हिणकस तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवला की शिसे आणि हीण धातू ऑक्साइड होऊन मुशीत शोषले जातात आणि चकाकता मणी उरतो. तो तोलला की कस कळतो. नाशिकच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मात्र या रीतीत शेवटी शुद्ध धातूच हाती यावा लागतो, आणि लोखंड किंवा निकेल यांच्या बाबतीत तो तसा सहजासहजी, घट न होता, हाती येत नाही.

ही अडचण स्वीडनमधील उप्साला येथील टॉर्बर्न बर्गमन यांनी १७८० च्या सुमारास दूर केली. धातू मोकळा करण्याचा खटाटोप न करता, ज्याची घडण ठाऊक आहे असा त्याचा अविद्राव्य साका पाडावा, तो तोलावा आणि त्यावरून धातूचा हिशेब करावा, असे त्यांनी सुचवले. माझ्या मते या शास्त्रातली सर्वांत मोठी झेप हीच आहे. पुढची सगळी प्रगती म्हणजे तो साका अधिकाधिक भरवशाचा करण्याची खटपट होय. बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथ यांनी वजन स्थिर होईपर्यंत साका तापवण्याचा दंडक घातला आणि घटकांची बेरीज शंभर टक्के भरली नाही तरी ती ओढूनताणून न जुळवता जशी आली तशी छापली. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी गाळणकागदाच्या राखेचे वजनही हिशेबात धरले. १८१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला अणुभारांचा तक्ता अशाच तोलण्यावर उभा होता. जर्मन रसायनज्ञ फ्रेझेनियस यांनी १८४६ मध्ये परिमाणात्मक विश्लेषणाचे पाठ्यपुस्तक लिहून ही विद्या शिकवण्याजोगी केली.

१८६४ मध्ये अमेरिकेत वोल्कॉट गिब्ज यांनी द्रावणातले तांबे विजेने प्लॅटिनमवर बसवून तोलण्याची पद्धत मांडली. मुलाम्याच्या टाकीत जे घडते तेच इथे मापनासाठी वापरलेले आहे, हे नाशिकच्या कारागिराला लगेच ओळखू येईल.

निकेलचा प्रश्न मात्र बराच काळ अवघड राहिला, कारण कोबाल्ट त्याची पाठ सोडत नाही आणि अल्कलीने दोन्ही एकत्रच खाली बसतात. १९०५ मध्ये रशियन रसायनज्ञ लेव्ह चुगायेव यांना डायमिथाइलग्लायॉक्झिम, म्हणजेच डीएमजी, निकेलशी गडद लाल संयुग बनवते असे आढळले आणि दोन वर्षांनी जर्मनीच्या ऑटो ब्रुंक यांनी त्याचा उपयोग परिमाणात्मक मापनासाठी केला. कोबाल्ट द्रावणातच राहतो. लोखंड टार्टारिक आम्लाने धरून ठेवता येते.

कृती पाहण्यासारखी आहे. टाकीतले १० मिलि द्रावण घेऊन १ लिटर करतात आणि त्यातले २५ मिलि उचलतात, म्हणजे मूळ द्रावण फक्त पाव मिलि येते. किंचित आम्लयुक्त, गरम द्रावणात अल्कोहोलात विरघळवलेले डीएमजी घालून, ढवळत, थेंबाथेंबाने अमोनिया सोडला की हिरवट फिके पाणी अचानक लालभडक होते. हा साका फुगीर, हलका असतो, त्यामुळे २०-३० मिलिग्रॅमहून जास्त निकेल एका वेळी घेतले तर तो गाळताना आणि धुताना हाल होतात. काचेच्या सच्छिद्र तळाच्या मुशीत गाळून, पाण्याने धुऊन, ११०-१२० अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये (कोरडी हवा राखणाऱ्या बंद भांड्यात) गार करून तोलायचा. पुन्हा वाळवून पुन्हा तोलायचा, वजन हलेनासे होईपर्यंत. साक्यात निकेल सुमारे २०.३ टक्के असते. समजा ०.०८०० ग्रॅम साका भरला, तर निकेल सुमारे ०.०१६२ ग्रॅम झाले आणि टाकीत ते लिटरला ६५ ग्रॅमच्या आसपास आहे.

मूस कोमट असताना तोलली तर तिच्याभोवती वर चढणाऱ्या गरम हवेमुळे काटा कमी वजन दाखवतो. घाईच्या दिवशी सर्वांत आधी होणारी चूक हीच.