सराफाच्या काट्यावर ड्रोनची पाती

तासगावच्या पलीकडं एका पाहुण्यांच्या द्राक्षबागेचं शूट होतं, फेब्रुवारीतली सकाळ, माल उतरायला आलेला, वारं अजिबात नाही. ड्रोन हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा होता आणि मोबाईलवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन लॅपटॉपवर क्लिप लावली तर मांडवाचे खांब पाण्याखालून बघितल्यासारखे डुलतायत. फरक एकच झाला होता, आदल्या आठवड्यात एक पातं फांदीला घासून टोकाचा टवका उडाला म्हणून मी आठही पाती (चार पंखे, प्रत्येकाला दोन) बदलली होती, ऑनलाइन मिळालेला सेट, मूळ कंपनीचा नसलेला.

असे सेट आज बरेच जण वापरतात आणि त्याला कारण आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी घातली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं तेवढी वगळली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. म्हणजे ज्यांच्याकडं आधीचा ड्रोन आहे ते तोच जपून वापरतायत आणि पाती मिळेल तिथनं घेतायत. त्यात वाईट काही नाही, फक्त घेताना आणि बसवताना काय बघायचं ते कळलं पाहिजे, आणि ते कळायला थोडं विज्ञान लागतं.

आधी त्या डुलणाऱ्या खांबांचं. ड्रोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा अख्खं चित्र एका झटक्यात टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. एसटीत मांडीवर वही घेऊन लिहायला बसलात तर कसं होतं बघा, गाडी एकदा आदळली तर एखादं अक्षर बिघडतं, पण खाली इंजिन सारखं थरथरत असेल तर ओळन् ओळ नागमोडी येते. सेन्सरचं तेच होतं, आणि त्या लाटेला ड्रोनवाले जेलो म्हणतात. आता तुम्ही म्हणाल गिंबल आहे की, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली चौकट. गिंबल ड्रोनचं झुकणं, वळणं सावरतो, पण सेकंदाला शंभर-दीडशे वेळा येणारी थरथर त्याच्या मोटरच्या आवाक्यातली नाही, ती गिंबलच्या रबरी बुशांनी खायची असते, आणि त्यांचीही खायची एक हद्द असते.

ही थरथर येते कुठनं? सांगलीत सराफ कट्ट्यावर आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडं ती आठ पाती घेऊन गेलो. त्यांचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. काकांनी चष्मा वर केला, म्हणाले, "सोनं समजूनच तोलतो, ठेव एकेक." काचेची झडप बंद करायची, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग वाचायचा, आणि मी पात्यावर मार्करनं नंबर टाकत होतो. एकाच मोटरवर समोरासमोर बसवलेल्या दोन पात्यांत ०.०७ ग्रॅमचा फरक निघाला.

०.०७ ग्रॅम म्हणजे तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढं वजन, त्यानं काय होतंय असं वाटेल. पण हिशोब करून बघा. अडीचशे ग्रॅमचा छोटा ड्रोन जागेवर उभा राहताना त्याचे पंखे मिनिटाला साधारण ९००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १५०. जास्तीचं वजन मधल्या आसापासून ४ सेंटीमीटरवर आहे असं धरू. बाहेर ओढणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर गुणिले फिरण्याच्या वेगाचा वर्ग, आणि इथं तो वर्गच सगळा खेळ करतो, उत्तर येतं साधारण अडीच न्यूटन. अडीचशे ग्रॅमचं वजन जेवढं खाली ओढतं तेवढा हा जोर झाला! म्हणजे अख्ख्या ड्रोनच्या वजनाएवढा हिसका सेकंदाला दीडशे वेळा गोल दिशा बदलत मोटरला बसतोय, आणि ती मोटर ड्रोनच्या ज्या हातावर, म्हणजे दांड्यावर बसते, त्याला जोडलेल्या सांगाड्यावर कॅमेरा लटकतोय. हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी आकडे दोनदा तपासले.

उपाय मात्र फुकटचा निघाला. आठ पात्यांत चार एका दिशेची आणि चार उलट्या दिशेची असतात, ते दोन गट वेगळे केले, प्रत्येक गटात वजनाप्रमाणं ओळ लावली आणि शेजारशेजारच्या जोड्या केल्या. सगळ्यात मोठा फरक ०.०७ वरून ०.०१ वर आला. नुसतं वजन जुळून भागत नाही हे खरं, कारण एकाचं वजन टोकाकडं आणि दुसऱ्याचं मुळाशी असू शकतं, म्हणून जोडी सुईवर आडवी ठेवून कुठली बाजू खाली जाते तेही बघायचं. हलक्या पात्याला वरच्या बाजूनं पारदर्शक टेपचा बारीक तुकडा लावायचा किंवा जड पातं पाठीमागनं बारीक पॉलिश पेपरनं घासायचं. पुढची कड, म्हणजे हवा कापणारी जाड गोलसर कड, कधीच घासायची नाही, पात्याचा आकार तिथंच ठरतो.

आता निवडीचं. पात्यावर चार आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ ४७२६. पहिले दोन आकडे व्यास, ४.७ इंच, पुढचे दोन पिच, २.६ इंच. पिच म्हणजे लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जाईल तसं, हवा घट्ट असती तर पंखा एका फेऱ्यात तेवढा पुढं गेला असता. "थोडा मोठा पंखा लावतो, जास्त उचलेल" असं बरेच जण म्हणतात, आणि उचलेलही, पण किंमत बघा. त्याच वेगाला जोर व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो आणि मोटरला लागणारी शक्ती पाचव्या घातानं. व्यास १० टक्के वाढवला तर जोर साधारण ४६ टक्के वाढतो आणि शक्ती ६१ टक्के. खरं तर मोठा पंखा हळू फिरवून तेवढंच वजन उचलणं कमी खर्चाचं असतं, हेलिकॉप्टरचा पंखा म्हणूनच एवढा मोठा, पण त्यासाठी मोटर त्या संथ वेगाची लागते आणि फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या आतल्या मेंदूला, त्या पंख्याची सवय असावी लागते. तो सेकंदाला शेकडो वेळा मोटरचा वेग कमीजास्त करत असतो, आणि पंखा किती जड आहे, किती पटकन वेग घेतो हे गृहीत धरूनच कारखान्यात त्याचं ट्यूनिंग केलेलं असतं. म्हणून माझं मत ठाम आहे, कॅमेरा ड्रोनला व्यास आणि पिच मूळ नंबरचाच घ्यायचा, प्रयोग करायचे तर ते स्वतः जोडलेल्या ड्रोनवर.

पात्याचा पीळ कसा असावा हे बघायचं तर साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्यानं ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर जा, पवनचक्क्यांची पाती नीट बघा. मुळाशी जास्त पिळलेली, टोकाकडं जवळपास सपाट. टोक मुळापेक्षा कितीतरी जोरात पळतं, त्यामुळं हवा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनातनं येते आणि पात्याला तसं वळत जावं लागतं. पवनचक्की वाऱ्याकडनं ताकद घेते आणि आपला पंखा हवेला देतो, भौतिकशास्त्र एकच. आपल्या १२ सेंटीमीटरच्या पंख्याचं टोकही ताशी २०० किलोमीटरनं पळत असतं, त्यामुळं टोकाचा साच्यातनं राहिलेला बारीक काठ नखाला लागला तरी तो सेट मी परत पाठवतो. पठारावरची हवा सांगलीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते, तिथं पंखे थोडे जास्त फिरतात आणि खालती जेमतेम चालून गेलेला दोष वर उघडा पडतो.

कार्बन फायबरचे काळे पंखे दिसायला देखणे. ते ताठ असतात, जोरात वळताना वाकत नाहीत, पण छोट्या कॅमेरा ड्रोनला त्या ताठपणाचा फारसा उपयोग नाही, आणि बोटाला लागले तर प्लॅस्टिकपेक्षा वाईट कापतात. आवाज कमी करणाऱ्या पंख्यांचं मात्र तथ्य आहे. २०१७ मध्ये डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीनं मॅविक प्रो प्लॅटिनम हा ड्रोन आणला, जुन्या मॅविक प्रोची सुधारलेली आवृत्ती, त्यात ८३३० ऐवजी ८३३१ नंबरचे पंखे होते, आवाज ४ डेसिबलनं कमी असं कंपनीनं सांगितलं, म्हणजे ध्वनीची ऊर्जा ६० टक्क्यांनी कमी. पण त्यात मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक्सही बदललं होतं, त्यामुळं नुसते पंखे जुन्या मॅविक प्रोला लावून तेवढाच फरक मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

वजनाचं अजून एक. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो, त्याच्या वर मायक्रो. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जड पंखे लावून वजन २५० च्या वर गेलं की गट बदलतो आणि नियमही.

बसवताना घाई नको. तिरक्या रेषेत समोरासमोर असलेले दोन पंखे एका दिशेनं फिरतात, उरलेले दोन उलटे, तसं नसतं तर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरत राहिला असता. पात्यावरची खूण आणि ड्रोनच्या हातावरची खूण जुळवायची, चुकलं तर उडतानाच ड्रोन पालथा पडतो. जाड कड फिरण्याच्या दिशेला आली पाहिजे. स्क्रूवाल्या ड्रोनला सेटबरोबर आलेले नवे स्क्रू वापरा, त्यांच्या आट्यांवर निळा थर असतो तो थरथरीत स्क्रू सुटू देत नाही, आणि तो एकदाच नीट काम करतो. बाटलीतलं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा गोंद, वरनं ओतू नका, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात. स्क्रू घट्ट हवा पण पातं बोटानं सहज हललं पाहिजे, फिरताना ते स्वतःच ओढलं जाऊन सरळ रेषेत येतं, अडकलं तर पुन्हा तीच थरथर.

मग मोकळ्या जागी कमरेएवढ्या उंचीवर दोन मिनिटं उभा ठेवायचा, उतरवून बॅटरी बंद करून चारही मोटरना बोट लावायचं. चारही सारख्या कोमट पाहिजेत. आणि उडताना ऐकायचं. सेकंदाला १५० फेरे, दोन पाती, म्हणजे ३०० हर्ट्झचा सूर, मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर तारेची जवारी लावताना जसे कान देऊन बसतात तसं डोळे मिटून ऐकलं तर त्या सुराखाली वेगळी घरघर असेल ती कळते. जोड्या लावून झाल्यावरही माझ्या मागच्या उजव्या पंख्यातनं ती येत होती. स्क्रू काढून दोन्ही पाती उन्हाकडं धरली. एकाच्या मुळाशी, स्क्रूच्या भोकालगत, केसाएवढी भेग होती, भोकापासनं निघून पात्यात अर्धा सेंटीमीटर गेलेली.