जुन्या संगणकावर विंडो बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले आणि दापोली-गुहागरपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंतच्या सेवा केंद्रांत, शाळांत आणि बागायतदारांच्या घरांत चालणाऱ्या चार जीबी रॅमच्या संगणकांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. कोणी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घालतात, कोणी आहे तेच चालू ठेवतात. तक्रार मात्र एकच असते, ती म्हणजे एका विंडोतून दुसरीत जाताना संगणक अडकतो. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चारपाच वेळा ‘रिफ्रेश’ करणे. त्याने डेस्कटॉपवरील आयकॉन पुन्हा वाचून रेखाटले जातात, मेमरी तसूभरही मोकळी होत नाही. संगणकाच्या क्लासमधून पसरलेली ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

विंडो बदलून देणाऱ्या हलक्या प्रोग्रामचे काम मुळात अगदी थोडे असते. लिनक्सवरील एक्स विंडो प्रणालीत उघड्या विंडोंची यादी तयारच असते आणि तीत प्रत्येक विंडोचा ओळखक्रमांक अवघे ४ बाइट घेतो. म्हणजे १२ विंडोंची यादी ४८ बाइटांत मावते. ‘रोफी’सारखा प्रोग्राम ही यादी आणि विंडोंची शीर्षके वाचतो, आपण शीर्षकातील दोनचार अक्षरे टाइप केली की नेमकी विंडो निवडतो आणि ‘हिला पुढे आण’ एवढीच विनंती करतो. याउलट, २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ऑल्ट-टॅब दाबल्यावर विंडोंची जिवंत छोटी चित्रे दिसू लागली. त्यासाठी प्रत्येक विंडोचे पूर्ण चित्र मेमरीत वेगळे ठेवावे लागते. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर, एका ठिपक्याला ४ बाइट धरले, तर पूर्ण पडदाभर पसरलेल्या एका विंडोचे ४१,९६,३५२ बाइट होतात.

मात्र या साऱ्या प्रकरणातील सर्वात सुंदर गोष्ट म्हणजे ऑल्ट-टॅबच्या यादीचा क्रम. सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणे चालू आहे, असे समजा. यादी अशी आहे: अर्ज, स्कॅन केलेले आधार कार्ड, सातबारा, आंबापेट्यांच्या हिशेबाची एक्सेल, रेल्वेचे आरक्षण. ऑल्ट-टॅब एकदा दाबले की स्कॅन पुढे येते, पुन्हा दाबले की अर्ज. मध्येच कोणी पेट्यांचा हिशेब विचारला, तर ऑल्ट धरून तीनदा टॅब दाबावे लागते; पण त्यानंतर एक्सेल पहिली आणि अर्ज दुसरा होतो, म्हणून परतायला एकच टॅब पुरतो. नियम एवढाच, की जी विंडो वापरली ती यादीत सर्वांपुढे ठेवायची.

हा नियम किती चांगला आहे? १९८५ साली डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी याचे थक्क करणारे उत्तर सिद्ध केले. यादीतील नवव्या वस्तूपर्यंत पोहोचण्याचा खर्च नऊ धरला, तर हा साधा नियम कोणत्याही अन्य पद्धतीपेक्षा, अगदी पुढच्या सर्व मागण्या आधीच ठाऊक असलेल्या सर्वज्ञापेक्षाही, एकूण दुपटीहून महाग पडत नाही. अट एवढीच, की दोघांनी एकाच क्रमाने सुरुवात केलेली असावी.

सिद्धतेचा गाभा उधारीच्या वहीसारखा आहे. ज्या दोन विंडोंचा आपापसातील क्रम आपल्या आणि सर्वज्ञाच्या यादीत उलटा आहे, अशा प्रत्येक जोडीमागे एक रुपया आधीच जमा आहे, असे माना. हवी असलेली विंडो आपल्याकडे नववी आणि त्याच्याकडे तिसरी आहे. आपल्या यादीत तिच्यापुढे असलेल्या आठांपैकी त्याच्याकडेही पुढे असू शकतील अशा विंडो फार तर दोन. म्हणजे उलट्या जोड्या किमान सहा. विंडो पुढे आणताच त्या सहा मिटून त्यांचे रुपये खर्चाला मिळतात आणि नव्या फार तर दोन तयार होऊन त्यांचे रुपये भरावे लागतात. म्हणून खरा बोजा ९ − ६ + २ = ५, म्हणजे त्याच्या ३ च्या दुपटीहून एक कमी. सर्वज्ञाने मध्ये स्वतःचा क्रम बदलला, तर शेजारच्या दोघींच्या प्रत्येक अदलाबदलीने फार तर एक नवी जोडी उलटी होते आणि तिचा रुपया त्याच्याच खर्चात धरला जातो. भविष्याचे काहीही ज्ञान नसताना मिळणारी ही हमी मला गणितातील अत्यंत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते.

आता अडकण्याचे खरे कारण पाहू. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिमही साधारण याच तत्त्वाने, सर्वात जास्त वेळ न वापरलेली पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, डिस्कवर लिहून टाकते. रॅममधून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. म्हणूनच यादीच्या शेपटाकडील विंडो उघडताना संगणक ताटकळत ठेवतो आणि त्यावर विंडो बदलणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामकडे इलाज नाही. ‘रॅम बूस्टर’ म्हणून विकले जाणारे प्रोग्राम तर वापरातली पानेही बाहेर ढकलतात. मोकळ्या मेमरीचा आकडा वाढतो, पण पुढच्याच क्लिकला ती पाने परत आणावी लागतात. जुन्या यंत्रावर खरा फरक पडतो तो शेपटाकडच्या विंडो बंद केल्याने आणि शक्य असेल तर फिरती डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवल्याने.

ब्राउझरच्या टॅबना मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. क्रोममध्ये कंट्रोल-टॅब दाबले की पट्टीवरील पुढचा टॅब येतो, शेवटचा वापरलेला नव्हे. फायरफॉक्समध्ये अलीकडच्या वापराचा क्रम सेटिंगमधून निवडता येतो. क्रोम वापरणाऱ्यांनी ज्या दोन टॅबमध्ये सतत ये-जा करायची आहे, त्यांतील एक ओढून वेगळ्या विंडोत काढावा, म्हणजे ऑल्ट-टॅबच्या एका दाबात तो समोर येतो.